लोण्याच्या पिंपांबरोबर आलेले प्रवासी

युरोपच्या उत्तर समुद्रावर दीड शतकाहून अधिक काळ वाहतूक करणाऱ्या आणि आज डीएफडीएस या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या डॅनिश कंपनीचे मूळ नाव ‘डेट फोरेनेडे डांपस्किब्स-सेल्स्काब’, म्हणजे ‘संयुक्त आगबोट कंपनी’, असे असून तिच्या स्थापनेची कथा त्या ‘संयुक्त’ या शब्दातच सामावलेली आहे. कार्ल फ्रेडरिक टीटगेन या कोपनहेगनच्या बँक संचालकाने डिसेंबर १८६६ मध्ये परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या आगबोट कंपन्या एकत्र आणून ही कंपनी उभी केली. लहान उद्योगांचे विलीनीकरण करून मोठी संस्था घडवण्याची हीच रीत पुढे त्याने तारायंत्राच्या क्षेत्रातही वापरली.

कंपनीचा खरा पाया मात्र एका पराभवानंतर घातला गेला. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्ककडून श्लेस्विग-होल्स्टाइन हा प्रदेश घेतला आणि ज्या पश्चिमेकडील बंदरांतून डॅनिश गुरे इंग्लंडला जात असत, तीही त्याबरोबर गेली. तेव्हा डॅनिश सरकारने १८६८ मध्ये कायदा करून युटलंड द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे त्या वेळी मोजकीच घरे होती, अशा एस्बियर्ग येथे नवे बंदर बांधायचे ठरवले. या बंदरातून डीएफडीएसने १८७५ मध्ये इंग्लंडची नियमित सेवा सुरू केली आणि १८८० पासून तिच्या बोटी एसेक्स किनाऱ्यावरील हॅरिच बंदराला लागू लागल्या. त्याच सुमारास अमेरिका आणि रशियातून आलेल्या स्वस्त धान्यामुळे डॅनिश शेतकऱ्याला धान्य विकणे परवडेनासे झाले व तो दूधदुभते आणि डुकराचे मांस यांकडे वळला. १८८२ मध्ये पश्चिम युटलंडमधील येडिंग या गावी पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. या दुग्धशाळांचे लोणी ताजेपणीच लंडनच्या न्याहारीच्या टेबलावर पोहोचवायचे, तर ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी सुटणारी बोट हवी होती. प्रवाशांना जे वेळापत्रक लाभले, ते असे मुळात लोणी आणि बेकनसाठी आखलेले होते, आणि कंपनीचा पुढचा सगळा इतिहास समजून घेण्यासाठी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

माणसे हाच ज्या मार्गावर मुख्य व्यवसाय होता, तो अटलांटिकपारचा मार्ग कंपनीने १८९८ मध्ये थिंगव्हाला ही कंपनी विकत घेऊन मिळवला. त्या व्यवहारात आलेले ‘नोर्गे’ हे जहाज स्कँडिनेव्हियन आणि रशियन साम्राज्यातील ज्यू स्थलांतरितांना घेऊन न्यूयॉर्ककडे जात असता २८ जून १९०४ रोजी रॉकॉल या एकाकी खडकाजवळ आपटून बुडाले आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जहाजावर सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौका नव्हत्या. ‘टायटॅनिक’ बुडाले, त्याच्या आठ वर्षे आधीची ही घटना आहे. जगाने तिच्यापासून वेळीच धडा घेतला नाही आणि बुडालेले बहुतेक लोक गरीब असल्यामुळे ती लवकर विस्मरणात गेली, असेच म्हणावे लागते. अटलांटिकपारची प्रवासी सेवा १९३५ मध्ये बंद झाली.

उत्तर समुद्रावर मात्र कंपनी नवे तंत्र सतत स्वीकारत राहिली. हॅरिचच्या धक्क्याचेच नाव दिलेले ‘पार्कस्टन’ हे डिझेल इंजिनाचे जहाज १९२५ मध्ये आले, तर १९६४ च्या ‘इंग्लंड’ या जहाजात मोटारी थेट चालवत आत नेता येऊ लागल्या. हीच ‘रो-रो’ पद्धत, म्हणजे यारीने माल न उचलता चाकांवरच आत-बाहेर करण्याची पद्धत, मालमोटारींसाठी रूढ झाल्यावर बोट बंदरात थांबण्याचा वेळ कितीतरी घटला.

प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा आधार बोटीवरील करमुक्त विक्री हा होता. युरोपीय संघातील देशांदरम्यान ही विक्री १९९९ मध्ये बंद झाली. नॉर्वे संघाबाहेर असल्याने कोपनहेगन–ऑस्लो मार्गावर ती टिकली, पण हॅरिचच्या मार्गाला तो आधार उरला नाही. त्यात स्वस्त विमानसेवा आल्या आणि जानेवारी २०१५ पासून उत्तर समुद्रातील जहाजांना अत्यल्प गंधकाचे महाग इंधन सक्तीचे होणार होते. सप्टेंबर २०१४ मध्ये एस्बियर्ग–हॅरिच सेवेची शेवटची फेरी झाली आणि ब्रिटन व स्कँडिनेव्हिया यांना जोडणारी ही अखेरची प्रवासी फेरी १३९ वर्षांनी थांबली. गंधकाचा नियम समुद्राच्या हिताचाच होता, तरीही ही सेवा थांबल्यावर तिचे प्रवासी बहुतांशी विमानांकडेच गेले, ही खेदाची बाब आहे. २०२४ मध्ये कंपनीने ऑस्लो मार्गही एका स्वीडिश कंपनीला विकला. एस्बियर्गहून इंग्लंडमधील इमिंगहॅमला जाणारी डीएफडीएसची मालवाहू जहाजे मात्र आजही सुटतात.