संपादकीय : खिशातला बाजार आणि घरातली पुंजी



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना एका अशा विषयाकडे लक्ष वेधावेसे वाटते, ज्याची चर्चा जयंतीच्या व्यासपीठावर होत नाही. भोजनाच्या पंगतीत मात्र हमखास होते. तो विषय म्हणजे लहानसहान तंत्रज्ञान-कंपन्यांच्या शेअर्समधील सट्टा.

बेलव्ह्यूने हा खेळ पूर्वी पाहिला आहे. एकेकाळी याच शहरात मुख्यालय असलेल्या इन्फोस्पेस कंपनीचा शेअर डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आला. नंतर झालेल्या शेअर्सच्या एकत्रीकरणाचा हिशेब धरता, मार्च २००० मध्ये त्याचा भाव १,३०५ डॉलरपर्यंत चढला आणि जून २००२ मध्ये २.६७ डॉलरवर आला. शिखरावर दहा हजार डॉलर घालणाऱ्याच्या हाती वीस डॉलर उरले! त्याच काळात नॅसडॅक निर्देशांक ५,०४८ वरून १,११४ पर्यंत कोसळला. जुनी उंची गाठावयास त्याला २०१५ साल उजाडावे लागले. निर्देशांक निदान परतला. त्यातील कित्येक कंपन्या परतल्याच नाहीत.

लहान कंपनीचे दुखणे निराळेच असते. तिचे शेअर्स थोडे आणि दैनंदिन उलाढालही थोडी, त्यामुळे काही शेकडा लोकांच्या उत्साहानेही भाव उसळतो. न्यू जर्सीतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने असे शेअर्स आधी घ्यावेत, मग संगणकावरून त्यांची टोपणनावांनी वाखाणणी करावी आणि भाव चढताच विकून मोकळे व्हावे, असा आरोप होता. सप्टेंबर २००० मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता त्याने सुमारे २,८५,००० डॉलर सरकारजमा केले. ते शेअर्स ज्यांनी चढ्या भावाने घेतले, ते प्रौढ, सुशिक्षित लोक होते. त्यात उसनवारीची भर पडली की संकट दुप्पट होते. दहा हजार स्वतःचे व दहा हजार दलालाचे घालून घेतलेला शेअर निम्म्यावर आला, तर बुडतात ते संपूर्णपणे आपलेच. दलालाचे व्याज शिवाय चालूच राहते.

येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. १९१७ साली बडोदा सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला हा विद्वान अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. आज त्या बाजाराचे दार आपल्या खिशातील फोनवर उघडते आणि जात कोणी विचारीत नाही. ही प्रगती आहे, आणि आम्ही ती कमी लेखत नाही. परंतु ज्या ज्ञानाच्या बळावर बाबासाहेब सल्ला देऊ पाहत होते, ते न मिळविता आपण केवळ ‘आपल्यातलाच एकजण सांगतो’ म्हणून पैसे घालावेत काय? ताळेबंद वाचण्याचा कंटाळा आणि ओळखीच्या माणसावरील विश्वास ही जोडगोळी फार महाग पडते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात बचत करणारी ही पहिलीच पिढी आहे; मागे शेतजमीन नाही, वाडा नाही. त्या पुंजीत गावाकडच्या आईचे औषधपाणी आहे, भाच्याचे शिक्षणही आहे.

पुढील बैठकीत एक तास ताळेबंद कसा वाचावा यासाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. भगिनींनी अवश्य यावे. खाते दोघांच्या नावे असले, तरी पासवर्ड बहुधा एकालाच ठाऊक असतो.