मुंबईची सहल, मुलांच्या कलाने

मे महिन्याच्या सुट्टीत गावोगावची कुटुंबे मुंबई पाहायला येतात. राणीची बाग, म्युझियम, गेटवे, घारापुरी, चौपाटी असा दोन दिवसांचा भरगच्च बेत आखला जातो. तो बेत चिमुरड्यांना झेपेल का, हा विचार मात्र राहून जातो.

मुंबईत पारा बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. चाळिशीपारचे ऊन सोसणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या पालकांना तो किरकोळ वाटतो. पण दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि तो सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. शिवाय खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत. म्हणून तहानेची वाट न पाहता त्यांना थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजावे.

दिवसाला एकच मोठे ठिकाण पुरे. राणीची बाग सकाळी पाहावी. बुधवारी ती बंद असते. दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी चौपाटी. पिशवीत ओआरएसची पाकिटे असावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. मूल मलूल झाले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्यावे. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत थेट रुग्णालय गाठावे.

गर्दीत हात सुटू शकतो. मुलाच्या खिशात पालकांच्या फोन नंबरची चिठ्ठी हवीच.

एखादे ठिकाण पाहायचे राहिले तर राहू द्यावे. मुंबई पुढच्या वर्षीही तिथेच असेल.