लगदा आणि नेपानगर

कागद म्हणजे मुळात पाण्यात तरंगणारे तंतू. यंत्राच्या जाळीवर सोडलेल्या पातळ लगद्यात शेकडा नव्याण्णव भाग पाणीच असते. ते निथळले की ओला ताव उरतो. याच क्रियेवर बऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर वसले. वृत्तपत्री कागदाचा देशातील हा पहिला कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केला. तेव्हा सलई व बांबू लागत. आता रद्दीवरील शाई धुऊन लगदा करतात. २०१६ साली थांबलेले उत्पादन २०२२ साली पुन्हा सुरू झाले. परंतु स्वावलंबनाचा उद्घोष करणाऱ्या शासनाने हेही ध्यानी घ्यावे की, लगद्याला जसे पाणी, तसे कारखान्याला खेळते भांडवल व हमखास गिऱ्हाईक लागते. ते नसेल, तर नूतनीकरणाचा सारा खर्च पाण्यातच जाईल.