गव्हाणीतलं बाळ

मैत्रिणींनो, डिसेंबर उजाडला की बाजारात कागदी चांदण्या टांगलेल्या दिसू लागतात. मुलं हट्ट धरतात, आपण एखादी घेऊन देतो. शेजारच्या ख्रिस्ती वहिनींकडून केक-करंज्यांचं ताट आलं की आपल्यापुरता नाताळ संपतो. पण त्यांच्या घरी कोपऱ्यात गवताचा छोटासा गोठा मांडलेला असेल, तर यंदा तो जरा थांबून पाहा बरं का.

ही रीत आठशे वर्षांची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरी गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, तीत गवत घातलं, शेजारी बैल आणि गाढव उभं केलं. देव किती गरिबीत जन्मला, हे साध्यासुध्या माणसांना डोळ्यांनी दिसावं, हाच हेतू. गंमत म्हणजे बायबलातल्या जन्मकथेत बैल-गाढवाचं नावही नाही. उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून मरियेनं बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलं, एवढंच तिथे सांगितलं आहे. आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ठाऊक आहे? आपल्या भाषेत सांगायचं तर, भाकरीचं घर!

कॅथलिक घरांत जपमाळही दिसेल. मध्ययुगात मठांतले साधू १५० स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नसे, ते तेवढ्याच प्रार्थना मण्यांवर मोजून म्हणू लागले. पुढे या जपाला मरियेच्या आयुष्यातले प्रसंग जोडले गेले. त्यांतले आनंदाचे पाच ऐका: गोड बातमी कळणं, नात्यातल्या वयस्कर गर्भारशीला भेटायला जाणं, बाळाचा जन्म, त्याला मंदिरात नेणं, आणि बारा वर्षांचा असताना हरवलेला मुलगा पुन्हा सापडणं. यातला कोणता प्रसंग आपल्याला परका वाटतो, सांगा पाहू! हीच कथा फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत बांधली. गोव्यात १६१६ साली छापलेलं ते 'ख्रिस्तपुराण'. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर गात, तीही ओवीच की!

आता मला म्हणायचं आहे ते असं. गव्हाण, गवत, बैल आणि बाळंतीण, हा देखावा आपल्या मराठवाड्यात नुसता मांडायचा देखावा नाही. ऐन नाताळात साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. उसाच्या फडाजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या असतात, दारात बैल बांधलेले असतात. दिवस भरत आले तरी मोळ्या उचलणाऱ्या बायका तिथे असतात, आणि कित्येकींची बाळंतपणंही कोपीतच होतात. बाहेर थंडी मी म्हणत असते.

तेव्हा यंदा मुलांना चांदणी घेऊन द्याच, पण तिच्याबरोबर एक गाठोडंही बांधा. जुन्या मऊ सुती लुगड्याची दुपटी, कानटोपडं, एखादी जाड चादर, आणि डब्यात डिंकाचे लाडू. दुपटी गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच द्या. फाटकं-विटकं देऊ नका, स्वतःच्या लेकीला जे देववेल तेच द्या. आणि एवढ्यावर थांबू नका. जवळच्या कोपीत कुणी अवघडलेली असेल, तर तिची सरकारी दवाखान्यात तपासणी झाली का, हे विचारा. नसेल, तर सोबत जा. नव्या गावात एकटीला दवाखान्याची पायरी चढायला भीती वाटते. सोबत कुणी असलं की धीर येतो.

नांदेडात हुजूर साहिबच्या लंगरात पंगतीला बसलेलीला हे वेगळं सांगायला नको. तिथे कुणी कुणाची जात-धर्म विचारून वाढत नाही. उतारशाळेत त्या रात्री जागा नव्हती. आपल्याकडे ती करता येईल.