झुंजार माशाचा जोडधंदा : जोडी आणण्यापूर्वी

सिल्लोड तालुक्यांत मका, कापूस व मिरची यांच्या जोडीला घरबसल्या कांहीं उद्योग असावा असें म्हणणारे शेतकरी पुष्कळ भेटतात. त्यांतील कांहींची दृष्टि हल्लीं बाजारांत ‘फायटर’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या बेट्टा माशाकडे वळूं लागली आहे. हा उद्योग वाईट नाहीं. परंतु नर-मादीची जोडी विकत आणली कीं तो सुरू झाला, ही समजूत घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. त्या देशानें 2019 सालीं त्यास राष्ट्रीय जलचर ठरविलें. आपल्या मरळ माशाप्रमाणें हाही पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. म्हणून तो हवेच्या यंत्रावांचून लहानशा बरणींत जगतो. मराठवाड्यासारख्या तुटीच्या मुलखांत हा गुण थोडा नव्हे.

विणीचें काम त्या मानानें सोपें आहे. पसरट टबांत पांच-सहा इंच कोमट पाणी असावें. नर पृष्ठभागावर फेसाचें घरटें बांधतो. मादी एक दिवस कांचेच्या भांड्याआड ठेवून मग सोडावी, व अंडीं घालून होतांच काढून घ्यावी. नाहीं तर नर तिचे लचके तोडतो. पडलेलीं अंडीं तोंडानें उचलून घरट्यांत ठेवण्याचें काम बापच करतो. एक-दोन दिवसांत अंडीं फुटतात, पुढें दोन-तीन दिवसांनीं पिलें आडवीं पोहूं लागतात. तेव्हां नरासही बाहेर काढावें.

खरी परीक्षा येथून पुढें. पिलांचें तोंड इतकें बारीक कीं कोरडें खाद्य त्यांस चालत नाहीं, तें कुजून पाणी मात्र नासतें. प्रस्तुत लेखकानें आपली पहिली सबंध वीण उकडलेल्या अंड्याचा बलक सढळ हातानें घालून तीन दिवसांत गमावली. जोडी सोडण्याच्या आठवडाभर आधींच तळ्याच्या पाण्यांत कोबीचें पान कुजवून सूक्ष्म जीव तयार ठेवावे. पांच-सहा दिवसांनीं मिठाच्या पाण्यांत ताजे उबविलेले आर्टेमियाचे जीव द्यावे. हवा घेण्याचें इंद्रिय पिलांत कांहीं आठवड्यांनीं तयार होतें. तोंवर टबावर झांकण हवें, म्हणजे वरची हवा उबदार व दमट राहते. आपल्याकडील पौष-माघांतील रात्रींत नवशिक्यानें वीण घेऊंच नये.

दोन-अडीच महिन्यांत नर भांडूं लागतात आणि प्रत्येकास निराळी बरणी लागते. हा हिशेब फार थोडे करतात. दीडशें नर, दोन लिटरांची बरणी, म्हणजे तीनशें लिटर पाणी. आठवड्यांतून दोनदां निम्में बदललें तर आठवड्यास आणखी तीनशें लिटर. 2016 च्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें विसरून चालणार नाहीं. हें काढलेलें पाणी वांग्या-मिरचीच्या वाफ्यास घालतां येतें, हा एक दिलासा. बोअरचें पाणी फार जड असल्यास विणीसाठीं पावसाचें सांठवावें.

विक्रीचें म्हणाल तर चेन्नईंतील कोळत्तूर भाग पाहावा. तेथें घरोघरीं शोभेचे मासे निपजतात, म्हणून गिऱ्हाईक आपण होऊन येतें. एकट्या घराच्या शंभर माशांसाठीं सिल्लोडला कोण येणार? पांच-सात घरांनीं मिळून एकेक रंग वांटून घेतला तरच दुकानदाराशीं भावाची गोष्ट करतां येईल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत (2020) परसांतील शोभिवंत मत्स्यपालनाचा खर्च तीन लाख रुपये धरला असून सर्वसाधारण गटास 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींस 60 टक्के साहाय्य ठेवलें गेलें. तथापि केवळ अनुदानासाठीं टाक्या बांधणाऱ्यांच्या टाक्यांत पुढें कडबा भरलेला दिसतो.

उरलेले मासे ओढ्यांत वा खेळणा प्रकल्पांत कोणीं सोडूं नयेत. परका मासा तेथें नको. प्रथम वीस रिकाम्या बरण्या व एक ठरलेला दुकानदार जमवावा, आणि जोडी मृग लागल्यावर आणावी.