कुत्रा खाताना नखरे करतो? आहार असा बदला

नवीन डॉग फूड वाटीत घातलं, तुमच्या लाडक्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेला. मग तुम्ही काय केलंत? बहुतेक बिस्किट दिलं असेल, नाहीतर तुपाची पोळी. झालं, तो शिकला! वाटी नाकारली की चांगलं काहीतरी मिळतं.

जुनं खाणं एका दिवसात बंद करू नका, पोट बिघडतं. पहिले २-३ दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवीन द्या. मग निम्मं-निम्मं, त्यानंतर तीन भाग नवीन. ७ ते १० दिवसांत बदल पूर्ण होतो. शी पातळ झाली तर घाई न करता आधीच्या प्रमाणावर या.

कुत्रा आधी नाकाने जेवतो. म्हणून कोरड्या दाण्यांवर थोडं कोमट पाणी घाला, वास खुलतो. चिकन उकडलेलं पाणीही चालेल, पण त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशींना घातक असतात.

वाटी १५-२० मिनिटं ठेवा, नंतर सरळ उचला. पुढचं खाणं ठरलेल्या वेळीच. खरी परीक्षा घरच्यांची असते. आजोबा टेबलाखालून हळूच पोळी सरकवत असतील तर सगळी मेहनत वाया!

मात्र आधी नीट जेवणाऱ्या कुत्र्याने अचानक खाणं सोडलं तर त्याला नखरा समजू नका. दात दुखत असेल, पोटही बिघडलं असेल. २४ तास काहीच खाल्लं नाही, उलट्या झाल्या किंवा तो मलूल दिसला तर पशुवैद्यांकडे न्या. पिल्लू असेल तर इतका वेळही थांबू नका.