डोळा म्हणजे कॅमेरा? छे!

परवा ऑफिसात जेवताना एक मित्र म्हणाला, "पोरीच्या एका डोळ्याला नंबर आहे म्हणे. पण चारच वर्षांची आहे रे, चष्मा मोठी झाल्यावर बघू. डोळा म्हणजे कॅमेराच, भिंग बदललं की झालं!"

मंडळी, हा कॅमेरा मला भोवलाय, म्हणून आज भांडतोच.

मुळात मेंदूकडे फोटो जातच नाही. डोळ्याच्या पडद्यावर बारा कोटींच्या आसपास प्रकाशपेशी, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे काटछाट तिथेच सुरू. पुढचं काम डोक्याच्या मागच्या भागातल्या कॉर्टेक्समध्ये. १९५८ साली हबेल आणि वीझेल मांजरीला ठिपके दाखवत होते. कॉर्टेक्समधली पेशी ढिम्म! स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडली. तिला हवी होती ठरावीक कोनातली रेघ. शेजारच्या पेशींना जरा वेगळा कोन. हालचालीचा विभाग तर आणखी निराळा. १९८३ मध्ये ज्यांची नोंद झाली त्या एका बाईंचा तो बिघडला होता. कपात ओतलेला चहा त्यांना गोठल्यासारखा दिसे, रंग मात्र नीट दिसत.

आता खरा मुद्दा. ही वायरिंग बालपणी वापरातून पक्की होते. याच जोडीने मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही महिने बंद ठेवून मग उघडला. डोळा ठणठणीत, पण कॉर्टेक्सच्या बहुतेक पेशी दुसऱ्या डोळ्याने बळकावलेल्या. मोठ्या मांजरात असं झालं नाही. १९८१ चं नोबेल त्यांना उगाच नाही मिळालं.

ते पिल्लू म्हणजे मी. शाळेतल्या तपासणीत दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला. उजव्याने डाव्यालाही पास केलं. डाव्याचा मोठा नंबर कळला थेट कॉलेजात. आज भिंग अचूक आहे, तरी डाव्या डोळ्याला खालच्या ओळी धूसरच. हार्डवेअर ठीक, पण ज्या वयात प्रोग्राम लिहायचा ते वय निघून गेलं.

तेव्हा "मोठी झाल्यावर बघू" हा आळस आहे, आणि कॅमेऱ्याची उपमा त्याला शास्त्राचा मुखवटा चढवते. लहानपणीच चष्मा लावला, गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधली, तर बहुतेक मुलांची नजर सुधारते. घरात पोर असेल तर डॉक्टरांकडे न्या, एकेक डोळा झाकून तपासून घ्या.

मित्राला हे सगळं ऐकवलं. त्याने मुकाट डबा आवरला. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय म्हणे.